मेंदूची जोडणी आणि ती शोधणारी माणसे

प्रौढ माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात आणि त्यांच्यातल्या जोडण्यांची संख्या त्याच्या हजार पटींहून जास्त भरते. ही जोडणी गर्भात आणि जन्मानंतरच्या काही वर्षांत टप्प्याटप्प्याने घडते. आधी पेशी जन्मतात, मग जन्मस्थानापासून सरकत आपापल्या थरात जाऊन बसतात. तिथून प्रत्येक पेशी एक लांब तंतू बाहेर काढते, त्याला ॲक्सॉन म्हणतात. ॲक्सॉनचे टोक वाट शोधत पुढे जाते, दुसऱ्या पेशीला गाठते आणि तिच्याशी सिनॅप्स, म्हणजे संदेश देण्याघेण्याचा सांधा, तयार करते. पहिल्या फेरीत असे सांधे गरजेपेक्षा कितीतरी जास्त बनतात. पुढे काही पक्के होतात आणि बाकीचे छाटले जातात. या सगळ्या घडामोडींतून जे उभे राहते त्याला मेंदूतले परिपथ म्हणतात, आणि परिपथांची घडण हा आज जगभरच्या शेकडो प्रयोगशाळांचा विषय आहे.

या विषयाची सुरुवात मात्र एकेकट्या माणसांनी केली. सांतियागो रामोन इ काहाल यांनी १८९० साली कोंबडीच्या भ्रूणातला मज्जारज्जू रंगवून पाहिला आणि वाढत्या ॲक्सॉनच्या टोकाशी असलेला फुगीर, बोटे फुटल्यासारखा भाग ओळखला. त्यांच्यासमोर होती ती मेलेली, स्थिर ऊती. तरीही हे टोक हलत असणार, वाट चाचपत असणार, हे त्यांनी अनुमानाने सांगितले. १९०७ साली अमेरिकेत रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या भ्रूणातला चेताऊतीचा तुकडा लसिकेच्या थेंबात जिवंत ठेवला आणि त्यातून तंतू वाढताना प्रत्यक्ष पाहिले. एक सूक्ष्मदर्शक, एक माणूस आणि अफाट चिकाटी एवढ्यावर तेव्हा भागत होते.

आज ते भागत नाही. एखादे जनुक काढून टाकले तर परिपथ कुठे बिघडतो, असा साधा प्रश्न घेतला तरी त्यात उंदरांच्या पैदाशीचे काम येते, जनुकीय तपासणी येते, नाजूक शस्त्रक्रिया येते, मेंदूचे पातळ काप येतात, महागडे सूक्ष्मदर्शक येतात आणि शेवटी प्रतिमांतून आकडे काढणारे संगणकीय काम येते. एकाच माणसाला हे सारे येणे जवळपास अशक्य. म्हणून अशा प्रयोगशाळेत निरनिराळी पदे असतात: सहायक, पीएचडीचे विद्यार्थी, पोस्टडॉक (पीएचडीनंतरचे संशोधक), लॅब मॅनेजर, अलीकडे डेटा सांभाळणारे, आणि या सगळ्यांवर प्रयोगशाळाप्रमुख, ज्याला भारतात ‘गाइड’ आणि कागदोपत्री ‘पीआय’ म्हणतात. या रचनेतली मुख्य अडचण काळाची आहे. परिपथांविषयीचा चांगला प्रश्न सुटायला दहा-पंधरा वर्षे लागतात आणि प्रमुखाचे पद सोडले तर बहुतेक पदे दोन ते सहा वर्षांत संपतात. त्यामुळे काम एका हातातून दुसऱ्या हातात कसे जाते, यावर शोधाचे भवितव्य ठरते.

सर्वांत कमी दिसणारे पद सहायकाचे, म्हणजे टेक्निशियनचे. त्याचे मोल समजून घ्यायचे तर केंब्रिजमधल्या मॉलिक्युलर बायॉलॉजीच्या प्रयोगशाळेतले एक काम पाहावे. सिडनी ब्रेनर यांनी तिथे सी. एलिगन्स हा जेमतेम मिलिमीटरभर लांबीचा कृमी अभ्यासाला निवडला. त्याच्या शरीरात फक्त ३०२ चेतापेशी असतात, तेव्हा एखाद्या प्राण्याच्या मज्जासंस्थेतली प्रत्येक जोडणी टिपता येईल अशी आशा होती. निकोल थॉमसन यांनी या कृमीचे अतिशय पातळ काप क्रम न चुकवता कापले. ओळीतला एक काप हरवला तरी तंतूचा माग तुटतो, त्यामुळे त्यांच्या हाताच्या स्थैर्यावर सगळा डोलारा उभा होता. कापांची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून काढलेली हजारो छायाचित्रे आयलीन साउथगेट यांच्या टेबलावर येत. शाळा संपताच सहायक म्हणून नोकरीला लागलेल्या या बाईंनी शाईच्या पेनाने एकेका छायाचित्रावर एकेका पेशीचा छेद ओळखून त्यावर खूण केली, मग पुढच्या छायाचित्रात तोच छेद शोधला, आणि हे काम वर्षानुवर्षे केले. १९८६ साली जॉन व्हाइट, साउथगेट, थॉमसन आणि ब्रेनर या चौघांच्या नावे ३४० पानांचा प्रबंध छापून आला. त्यात दोघा सहायकांची नावे पूर्ण मानाने आहेत. जगातल्या कुठल्याही प्राण्याच्या संपूर्ण मज्जासंस्थेचा तो पहिला जोडणी-नकाशा. २०२१ साली जन्मापासून प्रौढावस्थेपर्यंतच्या निरनिराळ्या टप्प्यांवरच्या अशा आठ कृमींच्या मेंदूचे नकाशे प्रसिद्ध झाले आणि एकच परिपथ वाढीच्या ओघात कसा बदलतो हे शेजारी ठेवून पाहता आले. साउथगेट यांच्या खुणांनी घातलेल्या पायावरच ती तुलना उभी आहे.

उंदरांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत सहायकाचा दिवस ॲनिमल हाउसमध्ये सुरू होतो. नर आणि मादी आदल्या संध्याकाळी एका पिंजऱ्यात ठेवलेले असतात. सकाळी लवकर मादी तपासतात. समागम झाला असेल तर योनीशी घट्ट, पांढुरकी गुठळी दिसते. ती काही तासांत गळून पडते, म्हणून तपासणीला उशीर चालत नाही. गुठळी दिसली त्या दिवसाची दुपार म्हणजे गर्भाचे वय अर्धा दिवस, अशी मोजणी आहे. उंदराचा गर्भकाळ १९-२० दिवसांचा. एवढ्या छोट्या काळात एका दिवसाचाही फरक फार मोठा ठरतो. मेंदूच्या बाह्यकातल्या, म्हणजे बाहेरच्या आवरणातल्या, चेतापेशी साधारण अकराव्या ते सतराव्या दिवसांदरम्यान जन्मतात, त्यातही खोलवरच्या थरांतल्या आधी आणि वरच्या थरांतल्या नंतर. तारीख एका दिवसाने चुकली तर संशोधक भलत्याच थरातल्या पेशींवर खूण करून बसतो आणि महिनाभराने मिळालेल्या निकालाचा अर्थ लागत नाही. पिल्ले जन्मल्यावर त्यांच्या शेपटीचा किंवा कानाचा सूक्ष्म तुकडा घेऊन डीएनए तपासतात आणि कुठल्या पिल्लात जनुक आहे, कुठल्यात नाही, हे ठरवतात. भारतात हे सारे प्रत्येक संस्थेच्या प्राणी-नीतिमत्ता समितीच्या परवानगीने चालते. ही व्यवस्था १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातून आली आहे. किती उंदीर लागतील, का लागतील, वेदना कशी टाळली जाईल, हे आधी लिहून द्यावे लागते. त्या नोंदी अद्ययावत ठेवणे हे लॅब मॅनेजरचे काम. त्याखेरीज रसायने मागवणे, फ्रीझरमधली जागा सांभाळणे, नव्या माणसाला पद्धती शिकवणे हेही त्याच्याचकडे. विद्यार्थी येतात आणि जातात, आणि कोणती प्रतिपिंडाची बाटली चालते, कोणती चालत नाही, ही प्रयोगशाळेची स्मृती मॅनेजरकडे राहते.

पीएचडीचा विद्यार्थी हा अशा प्रयोगशाळेचा कणा. भारतात जीवशास्त्रातला विद्यार्थी सहसा यूजीसी-सीएसआयआर, जैवतंत्रज्ञान विभाग किंवा आयसीएमआर यांच्या परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिप, मिळवतो, किंवा टाटा मूलभूत संशोधन संस्था, एनसीबीएस, आयसर अशा संस्थांच्या प्रवेशप्रक्रियेतून येतो. पहिली दोन वर्षे जेआरएफ, नंतर कामाचा आढावा होऊन एसआरएफ, म्हणजे वरिष्ठ फेलोशिप. १ जानेवारी २०२३ पासून केंद्र सरकारने जेआरएफला दरमहा ३७,००० आणि एसआरएफला ४२,००० रुपये, शिवाय घरभाडे भत्ता, असे दर ठरवले. फेलोशिप पाच वर्षांची असते. परिपथांवरचे पीएचडी मात्र त्या पाच वर्षांत संपेलच असे नाही, आणि शेवटच्या वर्षाच्या पैशांची विवंचना अनेकांच्या वाट्याला येते. हा विद्यार्थ्याच्या कुवतीचा दोष मानणे चुकीचे आहे, कारण वेळ बहुतेक वेळा उंदरांच्या पिढ्या घेतात. दोन जनुकांतले बदल एकाच पिल्लात हवे असतील तर आधी दोन वाण एकमेकांत मिसळावे लागतात, त्यांची संतती पुन्हा आपसात, आणि हवी ती जोडी सोळातून एखाद्या पिल्लात सापडते.

विद्यार्थ्याला शिकाव्या लागणाऱ्या हस्तकौशल्यांपैकी एक जवळून पाहण्याजोगे आहे. गर्भाशयातच भ्रूणाच्या मेंदूत डीएनए घालण्याची ही पद्धत २००१ च्या सुमारास रुळली. गर्भार मादीला भूल देतात, पोटावर छोटा छेद घेतात आणि गर्भाशयाची शिंगे हलकेच बाहेर काढून कोमट सलाइनने ओली ठेवतात. प्रत्येक शिंगात माळेसारखे भ्रूण दिसतात. गर्भाशयाच्या भिंतीतून भ्रूणाच्या मेंदूतली पोकळी अंधुक दिसते. केसाएवढ्या टोकाच्या काचेच्या नळीने त्या पोकळीत डीएनएचे हिरवट रंग मिसळलेले द्रावण सोडतात. रंग अर्धचंद्रासारखा पसरला तर नेम बरोबर लागला, पसरला नाही तर सुई पोकळीबाहेर गेली. मग चिमट्यासारख्या दोन पट्ट्यांमध्ये डोके धरून साधारण ३० ते ४५ व्होल्टचे, सेकंदाच्या विसाव्या भागाएवढे, पाच झटके देतात. डीएनए धन बाजूकडे ओढला जातो आणि पोकळीच्या त्या बाजूच्या भिंतीतल्या पेशींत शिरतो. गर्भाशय पुन्हा पोटात ठेवून टाके घालतात आणि मादीला वेदनाशामक देऊन उबेत ठेवतात. सगळे अर्ध्या तासाच्या आत उरकावे लागते, नाहीतर भ्रूण दगावतात. काही दिवसांनी त्याच पेशी हिरव्या चमकताना दिसतात आणि त्यांचे ॲक्सॉन कुठवर गेले हे मोजता येते. या कामावर हात बसायला महिने जातात आणि ते पुस्तकातून शिकता येत नाही. जुना विद्यार्थी नव्याच्या शेजारी बसून शिकवतो, म्हणून एखाद्या वर्षी प्रयोगशाळेत कुणीच नवा आला नाही तर कौशल्याची साखळी तुटते.

मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शुभा टोळे यांची प्रयोगशाळा १९९९ पासून बाह्यक आणि हिप्पोकॅम्पस यांच्या घडणीवर काम करते. हिप्पोकॅम्पस हा स्मृतीशी निगडित भाग. तो घडवण्याचा संदेश मेंदूच्या कडेला असलेल्या पेशींच्या एका पट्टीतून येतो. कॅलिफोर्नियातल्या सहकाऱ्यांबरोबर केलेला त्यांचा २००८ चा शोधनिबंध ‘सायन्स’मध्ये आला. एलएचएक्स२ हे जनुक नसलेल्या पेशींचे ठिपके जिथे जिथे तयार झाले, तिथे तिथे ते ठिपके त्या पट्टीसारखे वागू लागले आणि शेजारच्या निरोगी ऊतीत जादा हिप्पोकॅम्पस उगवले. म्हणजे हे एक जनुक बाह्यकाला बाह्यक म्हणून टिकवते आणि संदेश देणारी पट्टी मर्यादेत ठेवते. या निबंधावर डझनाहून अधिक नावे आहेत. अशा यादीत साधारणपणे पहिले नाव प्रत्यक्ष काम ओढून नेणाऱ्याचे असते, शेवटचे प्रमुखाचे, आणि मधल्या नावांत सहायक, पाहुणे विद्यार्थी, सहकारी प्रयोगशाळा असे सगळे येतात. ती यादी वाचता आली की प्रयोगशाळेतली पदेही वाचता येतात.

त्याच संस्थेत विदिता वैद्य यांचा गट भावनांच्या परिपथांवर काम करतो. २०२० साली ‘ईलाइफ’मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात उंदरांच्या पिल्लांच्या अग्रमेंदूतल्या उत्तेजक चेतापेशी जन्मानंतरच्या दुसऱ्या ते चौदाव्या दिवसांदरम्यान औषधाने रोज जास्त सक्रिय केल्या. औषध बंद केले, पिल्ले मोठी होऊ दिली आणि प्रौढपणी त्यांची वागणूक तपासली, तर भीती-चिंतेची आणि निराशेची लक्षणे वाढलेली होती. बालपणीच्या ठरावीक खिडकीत परिपथ किती जास्त चेतवला गेला याचे परिणाम आयुष्यभर राहतात, असा हा पुरावा. विद्यार्थ्याच्या बाजूने पाहिले तर तेरा दिवस एकही खाडा न करता पिल्लांना औषध, मग कित्येक आठवडे थांबणे, आणि नंतर कुठले उंदीर कुठल्या गटातले हे माहीत नसताना केलेल्या चाचण्या. सुट्टीची आखणी पिल्लांच्या जन्मतारखेवरून होते.

पुण्याच्या आयसरमध्ये अर्णब घोष यांच्या गटाने काहाल यांच्याच प्रश्नाचा धागा पुढे नेला आहे. ॲक्सॉनच्या टोकाला फुटणारी बोटे कशाच्या आधारावर टिकतात, या प्रश्नावर त्यांच्या गटाने कोंबडीच्या भ्रूणात काम केले. फॉर्मिन-२ हे प्रथिन कमी केले तर बोटांची पकड सुटते आणि मज्जारज्जूतले ॲक्सॉन वाट चुकतात, हे त्यांनी २०१६ साली दाखवले. उंदीरघराच्या तुलनेत इथे खर्च कमी, आणि अंड्याला खिडकी पाडून भ्रूण वाढताना पाहता येतो. नव्या विद्यार्थ्याला हात बसवायला ही पद्धत फार चांगली. कोणत्या प्राण्यावर काम करायचे या निवडीत विज्ञानाइतकाच पैशाचा आणि मनुष्यबळाचा विचार असतो.

पीएचडी आणि स्वतःची प्रयोगशाळा यांच्या मध्ये पोस्टडॉकचे पद येते, आणि या क्षेत्रातले कित्येक मोठे शोध याच पायरीवर लागले आहेत. बेथ स्टीव्हन्स यांची वाटचाल यासाठी नमुन्यादाखल पाहण्यासारखी आहे. पदवीनंतर त्या अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये डग्लस फील्ड्स यांच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून काम करत होत्या. तिथेच संशोधनाची गोडी लागली, मेरिलँड विद्यापीठातून २००३ साली पीएचडी झाली आणि त्या स्टॅनफर्डला बेन बॅरेस यांच्याकडे पोस्टडॉक म्हणून गेल्या. बॅरेस यांचा विषय ग्लिया, म्हणजे चेतापेशींच्या सोबतीला असणाऱ्या पेशी. दृष्टिपटलातल्या चेतापेशी ॲस्ट्रोसाइट या ग्लियांच्या सान्निध्यात वाढवल्या की त्यांच्यात सी१क्यू या प्रथिनाचे उत्पादन वाढते, असे त्यांच्या प्रयोगशाळेत दिसले होते. सी१क्यू हे खरे तर प्रतिकारशक्तीच्या फौजेतले. जंतूवर ते चिकटले की भक्षक पेशींना तो गिळण्याची खूण मिळते. मेंदूत ते काय करत असेल?

स्टीव्हन्स यांनी यासाठी डोळ्यापासून थॅलॅमसपर्यंतचा, म्हणजे मेंदूतल्या संदेश पुढे पाठवणाऱ्या केंद्रापर्यंतचा, मार्ग निवडला. उंदराच्या नवजात पिल्लात दोन्ही डोळ्यांकडून आलेले तंतू थॅलॅमसमध्ये एकमेकांत मिसळलेले असतात आणि पहिल्या दहा दिवसांत, डोळे उघडण्याच्याही आधी, ते वेगळे होतात. हे तपासायला पिल्लाच्या एका डोळ्यात लाल आणि दुसऱ्यात हिरवा रंग जोडलेले, कॉलराच्या विषाच्या निरुपद्रवी भागापासून केलेले द्रव्य टोचतात. दिवसभरात ते तंतूंच्या टोकापर्यंत पोहोचते. मग मेंदू काढून कंप पावणाऱ्या पात्याच्या यंत्राने त्याचे मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढे काप घेतात, द्रवात तरंगणारे काप मऊ ब्रशने उचलून काचपट्टीवर पसरतात आणि पाहतात. निरोगी पिल्लात लाल आणि हिरवा भाग स्पष्ट वेगळे दिसतात. सी१क्यू किंवा त्याच साखळीतले सी३ हे प्रथिन नसलेल्या पिल्लांत ते एकमेकांवर चढलेले राहिले, म्हणजे छाटणी अपुरी राहिली. २००७ साली ‘सेल’मध्ये हे प्रसिद्ध झाले. प्रतिकारशक्तीची साखळी परिपथांची छाटणी करते, ही कल्पना तिथून रुजली.

यापुढे जे झाले ते पदांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. स्टीव्हन्स २००८ साली बोस्टनच्या चिल्ड्रन्स हॉस्पिटलमध्ये स्वतःची प्रयोगशाळा उभी करायला निघाल्या तेव्हा हा विषय बरोबर घेऊन गेल्या. अनेक प्रमुख असे होऊ देत नाहीत. विषय आपल्याकडेच ठेवतात आणि बाहेर पडलेल्या तरुण संशोधकाला जुन्या, पैशाने आणि माणसांनी भरलेल्या प्रयोगशाळेशी स्पर्धा करावी लागते. बॅरेस यांचे म्हणणे अगदी स्पष्ट होते: पोस्टडॉकने उभे केलेले काम नेण्याचा हक्क त्याचा आहे. २०१७ साली, स्वतः कर्करोगाशी झुंजत असताना, त्यांनी ‘नेचर’मध्ये लेख लिहून ही मागणी सगळ्या विज्ञानजगतापुढे ठेवली आणि त्याच वर्षी डिसेंबरात ते गेले. या मागणीत दानतीइतकाच विज्ञानाचा स्वार्थही आहे, हे स्टीव्हन्स यांच्या प्रयोगशाळेने दाखवून दिले. तिथे डोरोथी शेफर पोस्टडॉक म्हणून आल्या. २०१२ साली त्यांनी दाखवले की मेंदूतल्या मायक्रोग्लिया या भक्षक पेशी खरोखरच सिनॅप्स गिळतात, आणि ज्या डोळ्याची सक्रियता औषधाने कमी केली त्याच्या तंतूंवर जास्त ताव मारतात. वर्षभर आधी, २०११ साली, इटलीतल्या एका युरोपीय प्रयोगशाळेने हिप्पोकॅम्पसमध्ये मायक्रोग्लिया सिनॅप्स गिळत असल्याचे दाखवले होते, त्यामुळे दोन वेगळ्या परिपथांतून एकच गोष्ट पुढे आली. शेफर पुढे मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात स्वतंत्र प्रमुख झाल्या. २०१६ साली हार्वर्डमधल्या आश्विन सेकर या विद्यार्थ्याच्या पहिल्या नावाने ‘नेचर’मध्ये निबंध आला. सुमारे ६५ हजार माणसांच्या जनुकीय माहितीवरून त्यात दिसले की त्याच साखळीतल्या सी४ जनुकाची काही रूपे स्किझोफ्रेनियाचा धोका वाढवतात. त्या कामात स्टीव्हन्स यांच्या गटाचाही हात होता. स्टॅनफर्डमधल्या एका पोस्टडॉकच्या टेबलावरून निघालेला प्रश्न नऊ वर्षांत मानसिक आजारापर्यंत पोहोचला, आणि वाटेत तो तीन-चार पदांमधून गेला.

प्रमुखाचे काम बाहेरून दिसते त्यापेक्षा वेगळे असते. बहुतेक प्रमुखांचा प्रयोगाच्या टेबलाशी संबंध काही वर्षांत सुटतो. अनुदानाचे अर्ज, निबंधांचे लेखन, विद्यार्थ्यांचे आढावे यांत दिवस जातो. पण एक काम दुसऱ्या कुणावर टाकता येत नाही, ते म्हणजे हाती आलेल्या प्रतिमा आणि आकडे कच्च्या स्वरूपात पाहणे. ॲक्सॉनना वाट दाखवणाऱ्या नेट्रिन या प्रथिनाच्या १९९४ च्या शोधासाठी प्रसिद्ध असलेले मार्क टेसिये-लव्हिन पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या प्रयोगशाळांतून आलेल्या काही निबंधांतल्या प्रतिमांबद्दल प्रश्न उठल्यावर विद्यापीठाच्या विश्वस्तांनी चौकशी नेमली. २०२३ च्या अहवालात त्यांनी स्वतः गैरप्रकार केल्याचे आढळले नाही. पण त्यांच्या हाताखालच्या काहींनी माहितीत फेरफार केल्याचे आणि चुका उघड झाल्यावर त्या दुरुस्त करण्यात ते कमी पडल्याचे नमूद झाले, आणि त्यांनी अध्यक्षपद सोडले. मोठ्या प्रयोगशाळेत प्रमुख आणि कच्ची माहिती यांच्यातले अंतर वाढले की काय होते, याचे हे उदाहरण या क्षेत्रातल्या प्रत्येकाने नीट वाचायला हवे.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत काही नवी पदे उभी राहिली आहेत. प्रतिमा-विश्लेषक, सूक्ष्मदर्शक केंद्र सांभाळणारा तज्ज्ञ, संगणकीय जीवशास्त्रज्ञ, आणि कायम नोकरीवर असलेला पण प्रमुख नसलेला स्टाफ सायंटिस्ट. २०२४ साली प्रौढ फळमाशीच्या मेंदूचा पूर्ण नकाशा प्रसिद्ध झाला. त्यात १,३९,२५५ चेतापेशी आहेत. पेशींचे माग संगणकाने काढले, पण त्यातल्या चुका दुरुस्त करायला शास्त्रज्ञ, पगारी तपासनीस आणि हौशी नागरिक अशी शेकडो माणसे लागली. साउथगेट यांनी पेनाने केलेले काम आता पडद्यावर होते, एवढाच फरक. स्टाफ सायंटिस्टचे पद भारतात अजून फार कमी ठिकाणी आहे, आणि ती मोठी उणीव आहे. दहा वर्षांचे कौशल्य कमावलेल्या, पण प्रमुख होण्याची इच्छा नसलेल्या माणसाला इथे राहायला जागाच नसते.

पैशांची बाजू पदागणिक आणि देशागणिक बदलते. अमेरिकेत नव्या पोस्टडॉकसाठी २०२४ साली सरकारी मानधन वर्षाला ६१,००८ डॉलर होते. तिथे के९९/आर०० नावाचे अनुदान खास पोस्टडॉकमधून प्रमुख होणाऱ्यांसाठी आहे. त्याचा पहिला भाग गुरूच्या प्रयोगशाळेत आणि दुसरा स्वतःच्या नव्या प्रयोगशाळेत खर्च होतो. भारतात २००८ साली जैवतंत्रज्ञान विभाग आणि वेलकम ट्रस्ट यांनी मिळून इंडिया अलायन्स सुरू केले. त्याची सुरुवातीच्या टप्प्याची फेलोशिप पाच वर्षांची असते आणि पैसा संशोधकाच्या स्वतःच्या नावाने येतो. परिपथांच्या घडणीसारख्या विषयाला ही पाच वर्षे फार उपयोगाची, कारण दोन वर्षांच्या फेलोशिपमध्ये उंदरांचा वाण तयार होईपर्यंतच मुदत सरते.

जागा भरताना प्रमुख काय पाहतात, हे पदानुसार ठरते. सहायकाच्या बाबतीत नोंदवही व्यवस्थित ठेवण्याची सवय आणि निदान दोन वर्षे राहण्याची तयारी. विद्यार्थ्याच्या बाबतीत गुणांपेक्षा आधी कुठल्या प्रयोगशाळेत काही महिने हाताने काम केले आहे का, आणि फसलेल्या प्रयोगाबद्दल तो काय सांगतो. पोस्टडॉकच्या बाबतीत स्वतःचा असा एक प्रश्न आणि बरोबर आणलेले एखादे तंत्र. अर्ज करणाऱ्यानेही विचारायचे असते: मागच्या पाच वर्षांत इथून गेलेले लोक आज कुठे आहेत, पहिले नाव कुणाला मिळते, आणि जाताना काम बरोबर नेता येईल का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर लेखी असलेले बरे.

पद सोडताना हस्तांतर होते. नोंदवह्या प्रयोगशाळेत राहतात, त्यांच्या प्रती घेता येतात. डीएनएच्या नळ्या, गोठवलेल्या ऊती आणि प्रतिमांच्या फाइली यादी करून द्याव्या लागतात. उंदरांचा वाण दुसऱ्या संस्थेत न्यायचा तर दोन्ही संस्थांमध्ये सामग्री-हस्तांतराचा करार होतो. परदेशातून भारतात आणायचा असेल तर आयातीची परवानगी लागते, आणि आल्यावर जंतुसंसर्ग नाही याची खात्री होईपर्यंत उंदीर वेगळ्या खोलीत ठेवतात. अनेकदा जिवंत उंदरांऐवजी गोठवलेले भ्रूण किंवा शुक्राणू मागवणे सोपे जाते. या सगळ्यात कित्येक महिने जातात, म्हणून नवी प्रयोगशाळा सुरू करणारा माणूस नेमणुकीचे पत्र हातात पडताच पहिल्यांदा या कागदांच्या मागे लागतो.